पन्नास ताव आकडेमोड

नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराने 1954 साली आत्मचरित्र लिहिले, आणि त्यात कादंबरीकाराला बसायला पाटसुद्धा दिला नाही. ‘स्लाइड रूल’ हे पुस्तक इंजिनिअरचे. स्वतः काढलेली विमानांची कंपनी शूटने 1938 मध्ये सोडली, की ते संपते. छोट्या विमानातून गाठलेले ऑस्ट्रेलिया, तिथले कायमचे बिऱ्हाड, ‘ऑन द बीच’ची कीर्ती, हे सगळे त्यानंतरचे. पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. पण कादंबऱ्या लिहिणारा माणूस कामात कच्चा असणार, असे वरिष्ठांना वाटू नये म्हणून पुस्तकांवर आडनाव घातले नाही. दिवसा विमाने, संध्याकाळी लेखन.

पुस्तकाचा प्राण आहे ‘आर-100’ या अजस्र एअरशिपच्या बांधणीत. यॉर्कशरमधल्या हाउडनला मुख्य रचनाकार बार्न्स वॉलिसच्या हाताखाली शूटकडे सांगाड्याचे गणित होते. त्यातल्या एकेका कड्यात ताणलेल्या तारा. कोणत्या तारा भार घेतील, कोणत्या ढिल्या पडतील, हे आधी अंदाजाने धरायचे. मग दोघांनी मिळून गणित करायचे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडावी. पेन्सिलीने पन्नासेक फुलस्केप ताव भरल्यावर कळायचे, की ढिली धरलेली तार भार उचलतेच आहे! पुन्हा श्रीगणेशा. यात दोन-तीन महिने जायचे. शूट हे कारकुनी कोरडेपणाने सांगतो, विशेषण जवळजवळ नाहीच. आणि अखेर सगळे आकडे जुळतात तेव्हा त्या समाधानाला तो धर्मानुभवाच्या पंक्तीला नेऊन बसवतो. एरवी असली उपमा भडक वाटली असती. इथे ती पटते, कारण तिच्यामागची मजुरी आपणही वाचताना केलेली असते.

हा संयम सुटतो तो ‘आर-100’च्या स्पर्धेत सरकारने बांधलेल्या ‘आर-101’ या एअरशिपच्या प्रकरणात. 5 ऑक्टोबर 1930 रोजी ते जहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटले. 54 पैकी 48 माणसे गेली. निघाले होते कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातली, आणि तिथे त्यासाठी प्रचंड शेड बांधून तयार होती. शूट सरकारी अधिकाऱ्यांना धारेवर धरतो. ही पाने श्वास रोखून वाचावीत, पण पुराव्याला घेऊ नयेत, कारण लिहिणारा प्रतिस्पर्धी चमूतला आहे. त्याला घेऊन कॅनडाला जाऊन सुखरूप परतलेले ‘आर-100’ या अपघातापायीच भंगारात गेले. हा सल लपत नाही, आणि लपवायला हवा होता असेही मला वाटत नाही.

दोन्ही शूट एकत्र भेटतात ते ‘नो हायवे’ या 1948 च्या कादंबरीत. धातू थकून विमानाची शेपटी तुटणार, असे गणिताने सांगणाऱ्या एका विक्षिप्त संशोधकाची ती गोष्ट. ‘कॉमेट’ ही प्रवासी विमाने कोसळली आणि त्यामागे धातूचा थकवा सापडला, तो 1954 साली.