'कागेमुशा'मधला मुलगा

मंडळी, 'कागेमुशा' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय असं धरून बोलतो. अकिरा कुरोसावांचा १९८०चा चित्रपट. कागेमुशा म्हणजे तोतया. काळ सोळाव्या शतकाचा. जपानात सम्राट नावापुरता, शोगुनची सत्ता मोडीत निघालेली, आणि दाइम्यो, म्हणजे स्वतःचा मुलूख नि फौज बाळगणारे सरदार, एकमेकांशी लढतायत. त्यांच्यातला बलाढ्य ताकेदा शिंगेन मरतो. ही बातमी तीन वर्षं लपवायची, म्हणून हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक चोर त्याच्या जागी बसवतात. दोन्ही भूमिका तात्सुया नाकादाईच्या.

पहिलाच प्रसंग आठवा. एकसारखी दिसणारी तीन माणसं बसलीयत आणि कॅमेरा जागचा हलत नाही. कोण खरा? सत्ता म्हणजे बसण्याची ढब, हे तिथेच कळतं. पुढे चोर त्या ढबीत शिरत जातो, शिंगेनच्या नातवाचा त्याला लळा लागतो. हे सगळं मला अजूनही थोर वाटतं.

माझी तक्रार आहे ती मुलाबद्दल. कात्सुयोरी. चित्रपटात तो उतावळा, बापाच्या सावलीवर जळणारा. ताकातेन्जिन किल्ल्यावर तो हट्टाने चालून जातो, आणि मागे डोंगरासारख्या बसलेल्या तोतयामुळे बाजी सावरते. इतिहासात काय झालं? तो किल्ला १५७४ साली कात्सुयोरीनेच घेतला. बापाला तो घेता आला नव्हता! म्हणजे पोराचा मोठा विजय पटकथेने उचलून तोतयाच्या पदरात टाकला.

आता कुणी म्हणेल, चित्रपट आहे, बखर नाही. मान्य. पण शेवट तर इतिहासाच्याच जोरावर उभा केलाय ना? १५७५, नागाशिनोची लढाई. समोर ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासु, लाकडी कुंपणं, त्यामागे बंदुका. (तीन हजार बंदुकांनी पाळीपाळीने मारा केला, ही कथा आज बरेच इतिहासकार जशीच्या तशी मानत नाहीत.) कुरोसावा आपल्याला माणसं पडताना दाखवत नाहीत, बघणाऱ्यांचे चेहरे दाखवतात, आणि मग तडफडणारे घोडे. विलक्षण आहे ते. पण बाहेर पडताना वाटतं, पोराने ऐकलं नाही म्हणून एका दिवसात घराणं बुडालं.

तसं झालं नाही. कात्सुयोरी आणखी सात वर्षं टिकला, १५८२पर्यंत. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात नोबुनागाही संपला, आपल्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या बंडात. देश एक झाला तो त्यानंतर. हिदेयोशीने गावोगावची जमीन मोजून घेतली, १५८८मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या, १५९०मध्ये ओदावारा घेतलं. मग १६००ची सेकिगाहारा, आणि १६०३मध्ये इएयासु शोगुन. यात एका मुलाच्या स्वभावाला जागा किती? 'बाप वाघ, मुलगा नादान' ही गोष्ट मात्र सगळ्यांना पटकन पटते, जिंकणाऱ्यांना तर फारच सोयीची. हरलेल्यांच्या बाजूने चित्रपट काढणाऱ्या कुरोसावांनीही तीच घेतली, हे मला खटकतं.

शेवटी गोळी लागलेला तोतया नदीत उतरतो. शिंगेनचं निशाण पाण्यात असतं, त्याचा हात काही तिथवर पोचत नाही. हे दुःख चोराच्या वाट्याला आलंय. कात्सुयोरीसाठी चित्रपटात असा एकही क्षण नाही.