निमूट म्हणजे राजी?

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल मी तर्कशास्त्राच्या अंगानं वाचतो. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. उच्च न्यायालयानं निमूट शरण जाणं आणि संमती यांत फरक केला, दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपिलात दोघांना सोडलं: अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, विरोध नाही, म्हणजे संमती. ही दुसरी पायरीच निसटते. आपल्या रायगडातली कुळं खोताला निमूट धान्य मोजून देत, ती काय राजीखुशीनं? १९३३ च्या चरीच्या संपानं उत्तर दिलं. धाकाचा वळ अंगावर उठत नाही. १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘ओरडली का नाही?’ हा आपला प्रश्न मात्र तसाच आहे.