तीन शब्द, दोन अर्थ, एक मलम

‘दाद, खाज, खुजली – सर्वांवर एकच मलम!’ अशा धर्तीची जाहिरात आपण सर्वांनीच कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वाचलेली असते. मुलांना तर ती तोंडपाठ असते. तेव्हा पाठ्यपुस्तकातला धडा तपासावा, तशी ही ओळही एकदा तपासायला हरकत नाही.

‘दाद’ म्हणजे हिंदीत नायटा. हा बुरशीमुळे होणारा रोग. ‘खाज’ आणि ‘खुजली’ मात्र एकाच संवेदनेची मराठी आणि हिंदी नावं. म्हणजे या यादीत रोग एकच आहे आणि एक लक्षण दोनदा मोजलं आहे! ताप हा जसा रोग नव्हे, तशी खाजही नव्हे. जाहिरातीची मूळ चूक हीच आहे.

या चुकीची किंमत कोण मोजतं ते पाहू. खरूज एका सूक्ष्म किडीमुळे होते. ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतो, रात्री खाज वाढते. पहिल्यांदा लागण झाली, तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. एकट्या मुलावर उपचार केले, तर खरूज परत येते. इसबात कीडही नसते, बुरशीही नसते. काही मलमांतलं सॅलिसिलिक आम्ल नायट्याच्या मृत थराची साल काढायला उपयोगी पडतं, पण इसबाच्या सोललेल्या त्वचेवर त्याने आग होते.

याहून फसवी आहेत ती स्टिरॉइड मिसळलेली मलमं. नायट्यावर ती लावली की लाली आणि खाज कमी होते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र आतून पसरतच राहते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला, त्यामागे हाच अनुभव होता.

आता आपल्या परिसराकडे वळू. कासुर्डीसारख्या गावात पडीक रान, कालव्याचा काठ, शाळेचं मैदान कुठेही गाजर गवत दिसतं. पुण्यातल्या या गवताची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७२ मध्ये लोणकर आणि जोग यांनी त्यामुळे उद्भवलेल्या त्वचारोगाच्या साथीचं वर्णन केलं. गवतावरच्या बारीक रोमांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते वाळलेल्या गवताच्या धुळीबरोबर उडतं. वारंवार संपर्क आला की काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू मानू लागते. मग पापण्या, मान, कोपराची घडी अशा जागी वर्षानुवर्षं खाज राहते. मलमाने थोडा आराम मिळतो, पण शेतात पुन्हा पाऊल टाकलं की पहिले पाढे पंचावन्न. इथे गवतापासून दूर राहणं हा उपचाराचा पहिला भाग ठरतो. भिंतीवरच्या ओळीत त्याला जागाच नाही.

दोष एकट्या जाहिरातीचा नाही. ‘अस्वच्छतेमुळे त्वचारोग होतात’ हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. खरूज रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते. इसबाच्या कोरड्या त्वचेला तर साबणाने घासणं बाधतंच. आपल्या वाक्याने खाजवणारं मूल मात्र ‘घाणेरडं’ ठरतं आणि दुखणं लपवू लागतं. आणि आपणच श्रमदानाच्या तासाला मुलांना उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावतो! ते फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मोठ्यांनी काढावं; ज्यांना पुरळ येतो, त्यांनी त्यापासून लांबच राहावं.

एखादं मूल सारखं खाजवत असेल, तर त्याला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारा. खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला आहे का? अंगावर नेमकी कुठे आहे? गाव सोडून गेल्यावर कमी होते का? ही उत्तरं पालकांना लिहून द्या आणि मुलाला आरोग्य केंद्रात न्यायला सांगा. आधी कुठलं मलम लावलं असेल, तर त्याची नळीही बरोबर न्यायला सांगा.