उपज आणि तालीम

जॅझ म्हणजे मनास येईल ते वाजविणे, असा समज आपल्याकडे अजून रूढ आहे. जॅझ शिकू पाहणाऱ्यांतही दोन तट दिसतात. एक तट पुस्तकातील सप्तके घोटीत बसतो. दुसरा पुस्तक उघडणे हाच प्रतिभेचा अपमान मानतो.

चार्ली पार्करचे उदाहरण या दोघांनीही पाहावे. १९३६ साली कॅन्सस सिटीतील एका बैठकीत कोवळ्या वयाचा पार्कर उपज करता करता वाट चुकला, आणि तालवादक जो जोन्स याने आपली झांज त्याच्या पायांशी फेकली, असे सांगतात. पुढल्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरांतील मुक्कामी त्याने लेस्टर यंगच्या तबकड्या ऐकून ते वादन सुरासुराने आत्मसात केले. तीन-चार वर्षे आपण दिवसाचे अकरा ते पंधरा तास मेहनत केली, असे तो पुढे सांगे. १९४५ मधील त्याचे ‘को-को’ ऐकावे. ‘चेरोकी’ या १९३८ च्या रचनेची कॉर्डमालिका तेथे आधाराला आहे, मूळ चालीचा मात्र मागमूस नाही. आणि त्या सुसाट वेगातही प्रत्येक वाक्य नेमके आपल्या कॉर्डवर उतरते. हे स्वातंत्र्य पाठांतराच्याच पोटी जन्मले खरे; पण ते पाठांतर कागदाचे नव्हे, कानाचे होते.

गोमंतकीय वाचकांस हा भेद सहज उमगावा. चर्चच्या शाळांत सोल्फेज शिकून मुंबईस गेलेले आपले ख्रिस्ती वादक स्वरलिपी सफाईने वाचीत. त्या बळावरच त्यांनी हॉटेलांचे बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गाजविले. उपज मात्र त्या शाळेत मिळत नव्हती. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात वाजवून गेलेले लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णी कलावंत ऐकून आणि तबकड्या झिजवून ती मिळवावी लागली. चिक चॉकलेटच्या ट्रंपेटमध्ये लुई आर्मस्ट्राँग बोलतो, तो याच वाटेने आलेला. केरीच्या केसरबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांसमोर बसून वर्षानुवर्षे घेतलेली तालीम आठवली, तर ही वाट आपणांस परकी वाटणार नाही.

मुक्तपंथी लोक ऑर्नेट कोलमनच्या १९६० मधील ‘फ्री जॅझ’कडे बोट दाखवितात. कोलमन बराचसा स्वयंशिक्षित होता, हे मान्य. परंतु टेक्ससच्या ब्लूज बँडांत तो आधी घडला होता. सदतीस मिनिटांच्या त्या वादनात आठही जण एकमेकांस ऐकत आहेत, हे विसरले जाते.

तेव्हा शिक्षकाने पहिल्याच दिवशी शिष्यास तीन सुरांत हवे ते वाजवू द्यावे. मात्र दुसऱ्या दिवशी एक तबकडी हाती द्यावी आणि तिच्यातील बारा मात्रांचा तुकडा तोंडाने गाता येईपर्यंत वाद्यास हात लावू देऊ नये.