ऐकीव पुरावा आणि न्यायमूर्तींचे मोठेपण

जॉन मार्शल हे अमेरिकेचे चौथे सरन्यायाधीश. १८०१ ते १८३५ अशी चौतीस वर्षे ते या पदावर होते. १८०३ साली मारबरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात त्यांनी एक तत्त्व प्रस्थापित केले. संविधानाशी विसंगत असलेला कायदा हा कायदाच नव्हे, आणि तसे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, हे ते तत्त्व. आपल्या संविधानातील १३ व्या आणि ३२ व्या कलमांचा आधार घेऊन आपण न्यायालयाची पायरी चढतो, तेव्हा या विचारपरंपरेशी आपलेही नाते असते. म्हणून मार्शल यांचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या मोठेपणाच्या सावलीत कोणाला उभे राहू दिले नाही, हा.

मीमा क्वीन ही गुलामीत असलेली काळी स्त्री. आपण आणि आपली मुलगी लुइसा स्वतंत्र आहोत, असा तिचा दावा होता. तिची पूर्वज मेरी क्वीन स्वतंत्र स्त्री होती, हे जुन्या माणसांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. तेवढाच तिचा पुरावा. १८१३ साली मार्शल यांनी निकाल दिला : ऐकीव पुरावा ग्राह्य नाही. असा पुरावा मानला तर कोणाचीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. इथे मालमत्ता म्हणजे माणूस, हे विसरता कामा नये.

माझ्या आजोबांच्या जन्माची कोठेही नोंद नाही. आमच्या घराचा सारा इतिहास आजीच्या तोंडी होता. जातीच्या दाखल्यासाठी विद्यार्थी माझ्याकडे येतात, त्यांना १९५० पूर्वीचा कागद मागितलेला असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिवू दिले नाही, त्यांच्याकडेच अक्षराचा पुरावा मागायचा! मीमा क्वीनचा खटला वाचताना म्हणूनच दोनशे वर्षांचे अंतर जाणवत नाही.

'काळच तसा होता' असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. त्याच न्यायपीठावरील गॅब्रिएल डुव्हाल यांनी भिन्नमत नोंदविले. इतक्या पिढ्यांनंतर डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आणायचा कोठून, असा त्यांचा सवाल होता. स्वातंत्र्याचा हक्क त्यांनी मालमत्तेच्या हक्काहून मोठा मानला. आणि हे डुव्हाल स्वतः गुलामांचे मालक होते! म्हणजे दुसरा निकाल त्याही काळात शक्य होता.

मार्शल यांच्या जीवनाकडे पाहिले की त्यांची भूमिका उलगडते. तेही गुलामांचे मालक होते. इतिहासकार पॉल फिंकेलमन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मार्शल यांचे गुलामांचे खरेदी-व्यवहार आणि त्यांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखविले. बेव्हरिज यांच्या चार खंडांच्या गौरवपर चरित्राला (१९१६–१९१९) हे दालन उघडावेसे वाटले नाही. १८२५ च्या अँटिलोप खटल्यात तर मार्शल यांनी गुलामांचा व्यापार निसर्गनियमाविरुद्ध असल्याचे मान्य केले, आणि तरीही तो राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध नाही असे ठरविले. अन्याय दिसत होता. कायदा मात्र मालकाकडे पाहत होता.

१८३२ साली त्यांनी चेरोकी लोकांच्या बाजूने निकाल दिला, हेही सांगितले पाहिजे. पण १८३८ मध्ये त्या लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून लावण्यात आले. सत्तेची इच्छा नसेल तर निकालही कागदच राहतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना, न्यायासनाला नव्हे. शिकागोतील एका कायदा महाविद्यालयाने २०२१ साली मार्शल यांचे नाव काढले. ते योग्यच झाले. पण नुसती पाटी बदलून भागत नाही, पुराव्याचा नियम बदलावा लागतो. दलित आत्मकथने 'साहित्य' आहेत काय, असे आपल्याकडील समीक्षक विचारीत आले. तोही मीमा क्वीनला दिलेलाच निकाल होता. आजीच्या तोंडची गोष्ट ही साक्ष आहे. ती आपण लिहून ठेवली पाहिजे. आणि लिहिलेली नसली तरी ती खरी आहे, हे ठणकावून सांगितले पाहिजे.