मधुपानाचं पान

आमच्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी आलेल्या कविता निवडायचं काम यंदा माझ्याकडं होतं. एका नव्या सुनेनं दोनच ओळी दिल्या होत्या : ‘शरदात मधुपानाचं पान गळालं, मधु तेवढा पोळ्यात उरला.’ मी समासात शेरा मारला, ‘नुसता शब्दांचा खेळ’, आणि वही मिटली. तो शेरा आज मागं घ्यायचा आहे.

श्लेष म्हटला की आपण हसतो आणि सोडून देतो. उखाण्यापुरती ती करमणूक, असं मानतो. पण जुन्या कवींचा खेळ बघा. ‘भ्रमर’ या शब्दात दोन ‘र’, म्हणून भुंग्याला ‘द्विरेफ’ म्हणायचं, ही झाली निव्वळ गंमत. पण तपाला बसलेल्या पार्वतीनं आपोआप गळालेली पानंही खायची सोडली, म्हणून ती ‘अपर्णा’, असं कालिदास ‘कुमारसंभवा’त सांगतो, तेव्हा एका नावात अख्खं तप मावतं.

या सुनेच्या ओळी दुसऱ्या जातीच्या आहेत. मराठीत ‘पान’ दोन. झाडाचं पान ‘पर्ण’वरून आलं, मधुपानातलं पान म्हणजे पिणं. त्या शब्दाचं पान गळालं की मागं ‘मधु’ राहतो. इथवर मलाही कळलं होतं. पुढचं कळलं नव्हतं. आपल्या जैन घरांत मध वर्ज्य. ‘मध खायचा नाही’ एवढंच आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिनं तेच माशीच्या बाजूनं पाहिलं : आपलं पिणं गळालं, म्हणून मध ज्यांचा त्यांच्या पोळ्यात राहिला. फुलाला न दुखवता घेणाऱ्या भुंग्यावरून मुनींच्या आहाराला ‘भ्रामरी वृत्ती’ म्हणतात, हे प्रवचनात कितीदा ऐकलं. पण पोळ्याकडं मान वर करून बघायचं मला सुचलं नाही.

एक दोष मात्र आहे. आपल्याकडं आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरदात, रानं हिरवी असतात. पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरदातली पानगळ आपल्याकडं इंग्रजी कवितेतून आली. खेळातला शब्द उसना असला की दुसरा अर्थही डळमळतो.

परवा तिला हे सगळं सांगितलं. “बरं काकू, शिशिर करते,” म्हणाली. मग वही माझ्यापुढं सरकवून हसली, “आणि तुमचा शेरा?”

मी तो खोडला.