गुणतक्ता कोणाच्या बाजूचा?

शालेय क्रीडास्पर्धांत पंचांच्या निर्णयावर वाद होतात, मैदानाच्या आखणीवर होतात, वयाच्या दाखल्यांवर तर हमखास होतात. ज्या तक्त्यावरून शेवटी विजेता ठरतो, त्याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. जिंकल्यास दोन, बरोबरीस एक, हरल्यास शून्य. पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. हे आकडे जणू निसर्गनियम आहेत अशा समजुतीने आपण ते वर्षानुवर्षे उतरवून घेतो. वास्तविक ते माणसांनी निवडलेले आकडे आहेत. झालेल्या खेळाची नोंद ठेवणे एवढेच त्यांचे काम नसते. पुढे कसे खेळावे हेही ते खेळाडूला सांगत असतात. म्हणून त्यांची चिकित्सा व्हायला हवी.

प्रथम सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा विजयाला पाच, बरोबरीला प्रत्येकी तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला एक गुण असा तक्ता होता. हेतू चांगला होता. मागे पडलेल्या संघाने खेळ सोडून देऊ नये आणि सामना शेवटपर्यंत रंगावा, हा तो हेतू. आता शेवटच्या मिनिटाला सहा गुणांनी मागे असलेल्या संघाचा विचार करा. धोका पत्करून चढाई केली आणि दोन गडी गमावले, तर फरक आठ होईल व हातातला एक गुण जाईल. निदानरेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत आले, तर तो गुण टिकेल. लढण्यासाठी दिलेले बक्षीस या क्षणी न लढण्याचे बक्षीस ठरते. यात खेळाडूचा दोष नाही. तो तक्ता नीट वाचतो आहे, इतकेच. २०२५ च्या बाराव्या हंगामात लीगने विजयाला दोन व पराभवाला शून्य असा साधा तक्ता स्वीकारला.

बरोबरीचे गणित तर आठवीच्या वर्गातही मांडता येईल. सामना बरोबरीत आहे आणि धोका पत्करल्यास जिंकण्याची व हरण्याची शक्यता सारखीच आहे, असे समजा. २-१-० या तक्त्यात धोक्याची सरासरी प्राप्ती एक गुण येते, म्हणजे बरोबरीइतकीच. ३-१-० या तक्त्यात ती दीड गुण येते, म्हणजे बरोबरीपेक्षा जास्त. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९८१ साली विजयाला दोनऐवजी तीन गुण दिले आणि १९९४ च्या विश्वचषकातही तोच नियम आला. आक्रमक खेळाला उत्तेजन मिळावे, हाच उद्देश होता. एका अंकाच्या बदलाने खेळाडूपुढचा हिशेब बदलतो, तो असा.

तक्ता किती विपरीत वागू शकतो याचा नमुना जानेवारी १९९४ मध्ये कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत दिसला. बार्बाडोसला ग्रेनेडावर दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. जादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरायचा, असा नियम होता. आघाडी २-१ अशी घटल्यावर बार्बाडोसने सामना जादा वेळेत नेण्यासाठी मुद्दाम स्वतःवरच गोल केला. मग उरलेल्या मिनिटांत ग्रेनेडाला कोणत्याही बाजूचा गोल चालणार होता. कारण २-३ असा पराभवही त्याला पुढच्या फेरीत नेणारा होता. बार्बाडोसला दोन्ही गोलांचे रक्षण करावे लागले! जादा वेळेत गोल करून पुढे गेला तो बार्बाडोसच. नियम कोणी मोडला नव्हता. नियमच तसा होता.

आतापर्यंतचे दोष मैदानातले झाले. शालेय स्पर्धेत याहून मोठा अन्याय मैदानाबाहेरून येतो. तो पाहण्यासाठी गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात जाऊ. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी आश्रमशाळा तेथे हेमलकशाला आहे. हेमलकशाहून भामरागड जेमतेम तीन किलोमीटर. पण मध्ये पर्लकोटा नदी. पुलावर पाणी चढून वाहतूक तुटल्याचे कित्येक पावसाळे या भागाने पाहिले आहेत. २०१९ साली तर पुराचे पाणी भामरागड गावात वारंवार शिरले.

समजा, अशा परिसरातल्या सहा शाळांनी कबड्डीची साखळी स्पर्धा आखली. प्रत्येक शाळेचे पाच सामने. पुरामुळे एका शाळेचे तीनच झाले. त्यांतले दोन ती जिंकली, म्हणजे चार गुण. दुसऱ्या शाळेने पाचही खेळून तीन जिंकले, म्हणजे सहा गुण. बेरजेने दुसरी शाळा वर. प्रति सामना सरासरी काढली तर पहिलीचे १.३३ आणि दुसरीचे १.२, म्हणजे पहिली शाळा वर. सरासरी अधिक न्याय्य वाटते, परंतु तीही निर्दोष नाही. राहिलेले दोन सामने सर्वांत बलाढ्य संघांशी असतील, तर पुराने पहिल्या शाळेवर उपकारच केले असे होईल. यावर कोणतेही सूत्र पुरे पडत नाही. वेळापत्रक पुरे पडते. सामने पावसाळ्यानंतर ठेवावेत, राखीव दिवस आधीच जाहीर करावेत. आणि नदी ओलांडता न आलेल्या संघाविरुद्ध दुसऱ्याला पुढे चाल देऊन पूर्ण गुण देऊ नयेत. न झालेला सामना म्हणजे हरलेला सामना नव्हे.

दुसरी विषमता शाळेच्या आकाराची. सर्वसाधारण विजेतेपदासाठी सगळ्या क्रीडाप्रकारांचे गुण एकत्र करण्याची पद्धत रूढ आहे. आठ प्रकारांची एक स्पर्धा कल्पून पाहू. लहान शाळा पाच प्रकारांत उतरली : चार पहिले क्रमांक, एक दुसरा. मोठी शाळा आठही प्रकारांत उतरली : एक पहिला, पाच दुसरे, दोन तिसरे. ५-३-१ ने लहान शाळेचे २३ आणि मोठीचे २२ गुण होतात. ३-२-१ ने लहानीचे १४ आणि मोठीचे १५. धावपट्टीवर काहीही बदलले नाही, पण ढाल एका शाळेकडून दुसरीकडे गेली! आता प्रत्येक शाळेचे उत्तम पाच निकालच धरा. ५-३-१ ने २३ विरुद्ध १७ आणि ३-२-१ ने १४ विरुद्ध ११ असे येते. येथे दोन्ही तक्ते एकच उत्तर देतात. लहान शाळेला दया दाखवली असे यात नाही. दोघींना एकाच मापाने मोजले आहे. किती मुले मैदानात आणली हे मोजायचे असेल, तर त्यासाठी वेगळे बक्षीस ठेवावे. दोन मापे एका बेरजेत मिसळली की कशाचे कौतुक झाले ते मुलांना कळत नाही.

गुण समान झाल्यास एकूण गुणफरक पाहण्याची प्रथाही तपासायला हवी. कबड्डीत सातही गडी बाद झाले की सात गुणांवर लोणाचे दोन गुण मिळतात. त्यामुळे दुबळ्या संघाविरुद्ध फरक झपाट्याने फुगतो, आणि लहानग्यांच्या संघावर लोणामागून लोण चढवणे फायद्याचे ठरते. आधी त्या दोन संघांतल्या आपसातल्या सामन्याचा निकाल पाहावा. गुणफरक पाहावाच लागला, तर एका सामन्यात पंधराहून अधिक फरक मोजू नये.

हे सारे शिक्षकांनी एकट्याने ठरवण्याचे कारण नाही. स्पर्धा जाहीर करण्यापूर्वी तक्ता फळ्यावर लिहावा आणि नववी-दहावीच्या मुलांना तीन प्रश्न द्यावेत. मुद्दाम हरून किंवा हात राखून खेळून फायदा होईल, असा एखादा प्रसंग सापडतो का? नदी, अंतर किंवा पटसंख्या यांमुळे कोणाचे गुण जातात का? आकडे थोडे बदलल्यास विजेता बदलतो का? खोटे निकाल रचून मुले तक्ता मोडायचा प्रयत्न करतील, आणि एखादी तरी फट बहुधा सापडेल. ती स्पर्धेआधी सापडली तर आकडा बदलता येतो. अंतिम सामन्यानंतर सापडली तर फक्त भांडता येते.